पडदा विकायला काढला अन् सात हजार गेले

राजेहो, ही पोस्ट लिहायला तीन आठवडे लागले. कारण एकच, लाज वाटत होती.

लॉकडाऊनमध्ये आमच्या घरी होम थिएटरचं खूळ शिरलं. प्रोजेक्टर घेतला, सोबत १०० इंची, खाली ओढायचा पडदा. प्रोजेक्टर मागच्या वर्षी बसला. दुरुस्तीचा आकडा ऐकून आम्ही टीव्हीच घेतला. पडदा मात्र धडधाकट. सव्वादोन मीटर रुंद कापड अन् त्याहून लांब नळी. दिवाणाखाली मावत नाही, भंगारवाला लोखंडाचा भाव सांगतो. म्हणून ऑनलाइन जाहिरात टाकली, किंमत ७,००० रुपये.

अर्ध्या तासात फोन आला. "सर, मैं आर्मी से बोल रहा हूँ, कामठी में पोस्टिंग है." वर्दीतला फोटो, ओळखपत्र, सगळं पाठवलं. किंमत लगेच मान्य. सामान न्यायला युनिटची गाडी येणार होती. आपल्या नागपुरात कामठीची छावणी, वायुसेना नगर, प्रत्येक मोहल्ल्यात एखादा फौजी. वर्दीचं नाव निघालं की आपण शंका घेत नाही. चोराला हे पक्कं माहीत असतं.

आधी १ रुपया पाठवला. खरंच आला. मग क्यूआर कोड आला. "इसे स्कैन कीजिए, सात हज़ार आपके खाते में आ जाएंगे." फोन चालूच होता, तो बोलत होता, मी पिन टाकला. सात हजार गेले. वर म्हणतो, "गलती से उल्टा हो गया, एक बार फिर कीजिए, दोनों वापस आएंगे." तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं.

पिन टाकायच्या आधी रक्कम अन् नाव समोर दिसतं हो. पण कानात माणूस बोलत असला की डोळे वाचत नाहीत. फोन चालू ठेवायचा तो यासाठीच.

खरी चूक मात्र यानंतरची. दोन दिवस मी बायकोलाही सांगितलं नाही. शेजारपाजारच्यांना मोबाईल शिकवणारा माणूस मी, सांगणार कोणत्या तोंडाने? तिसऱ्या दिवशी १९३० ला फोन लावला. हा नंबर सरकारने यासाठीच दिला आहे. लगेच कळवलं तर पैसे चोराच्या खात्यात असतानाच अडवता येतात. दोन दिवसांत ते कुठच्या कुठे गेले. तक्रार नोंदली गेली, पैसे अजून आले नाहीत. बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकला.

अन् लोकांचं म्हणणं, "शिकलेला माणूस अन् असा फसला?" राजेहो, हे वाक्य बंद करा. २०२१ मध्ये दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीचे जुना सोफा विकताना असेच ३४,००० गेले होते. आपण हसतो म्हणून फसलेला माणूस गप्प बसतो, अन् तो गप्प बसला की चोराला वेळ मिळतो. सात हजार चोराने नेले, पण ते परत मिळायची संधी माझ्या लाजेने घालवली.

एक गोष्ट चांगली झाली. व्यक्तीने व्यक्तीला पैसे मागायची 'कलेक्ट रिक्वेस्ट' एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. पण क्यूआर कसा बंद करणार? चहाटपरीपासून संत्रा मार्केटपर्यंत सगळा धंदा त्यावर चालतो.

तो पडदा शेवटी विकला. हुडकेश्वरकडे ट्यूशन घेणारा एक पोरगा आला, सोबत मित्र अन् मोजायचा टेप. पडदा तीनदा खाली ओढून पाहिला, स्प्रिंग धरते की नाही ते तपासलं. मोबाईलचा टॉर्च तिरपा मारून कापडावरच्या लाटा शोधल्या. कोपऱ्यातला पिवळा डागही काढला, जो मला पाच वर्षांत दिसला नव्हता. "काका, याचे चार हजार लई झाले." अर्धा तास घासाघीस. ४,२०० वर तुटलं. त्याने माझा नंबर टाकून पैसे पाठवले. मी काय केलं? काहीच नाही. ना स्कॅन, ना पिन. मेसेज आला, पैसे जमा. नळी ई-रिक्षाच्या बाहेर येत होती, तर टोकाला लाल फडकं बांधून घेऊन गेला.

तेव्हा कळलं. खरं गिऱ्हाईक खोट काढतं, भाव पाडतं, डोकं खातं. एवढी लांब नळी न पाहता, एक रुपया कमी न करता घेणारा गिऱ्हाईक नसतोच. अन् कामठी काही लंडनला नाही, पडदा पाहायला माणूस गाडीवर येऊ शकतो.

सोसायटीच्या, मंडळाच्या ग्रुपवर तीनच ओळी टाका. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. गेलेच तर आधी १९३०, लाज नंतर.

अन् तुमच्या ओळखीत कोणी असा फसला असेल, तर त्याला प्रश्न विचारत बसू नका. त्याच्या हातात फोन द्या.