मदत आहे, पण कागद कुठाय?

२०२३ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी एक दिवस उशिरा आल्या. म्हणाल्या, "ताई, तहसीलला गेले होते. तिसरी खेप. आता म्हणतात, तुमचं उत्पन्न जास्त आहे!" नवऱ्याला जाऊन वर्ष झालेलं, पदरात दोन मुलं. चार घरच्या पोळ्या करून महिन्याला पाच हजार मिळायचे. तेच त्यांनी खरं खरं सांगितलं आणि तिथंच घोडं अडलं.

मैत्रिणींनो, यात चूक कोणाची? संजय गांधी निराधार योजना आपल्या राज्यात १९८० पासून आहे. विधवा, परित्यक्ता, अपंग यांच्यासाठी. जुलै २०२३ मध्ये अनुदान हजारावरून दीड हजार झालं, पण उत्पन्नाची अट मात्र वर्षाला २१ हजारच ठेवली. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये! एवढ्यात दोन मुलांची आई कोणत्या गावात भागवते? खरं सांगेल ती बाहेर आणि 'दाखला करून आणेल' ती आत. अशी अट गरीब बाईला खोटं बोलायला शिकवते.

आता पुढचं ऐका. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली. तिची मर्यादा वर्षाला अडीच लाख. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. अंगणवाडीच्या ताईंनी गल्लीत बसून अर्ज भरले. काही महिन्यांतच दोन कोटींहून जास्त बायकांना पैसे मिळू लागले, त्यात आमच्या मावशीही आल्या. सरकारनं मनावर घेतलं की मदत दारापर्यंत येते, हे त्यावरून दिसलंच. मग निराधार बाईलाच कचेरीच्या पायऱ्या का झिजवायला लावायच्या?

सप्टेंबर २०२५ मध्ये याच योजनेत ई-केवायसी सक्तीची झाली आणि नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला. मावशींचे दोघंही हयात नाहीत. ओरड झाल्यावर मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय केली. ठीक. पण नवऱ्यानं टाकलेल्या आणि कोर्टाची पायरी न चढलेल्या बाईनं कोणता कागद दाखवायचा? नियम करताना तिची आठवण कुणालाच झाली नाही.

अटी बदलायला हव्यात, ते मागणं आपण सोडायचं नाही. तोवर आपल्या हातात आहे ते तरी करू या. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या, अठरा वर्षांपुढच्या बाईचं नाव लावायला सांगितलंय. आपल्या कार्डावर कोणाचं नाव आहे, पाहिलंत का? घरात मृत्यू झाला तर २१ दिवसांत नोंद करून दाखल्याच्या दोन-तीन प्रती घ्या. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार मिळतात. कित्येक घरांना हे ठाऊकच नसतं! आणि बँकेचं खातं स्वतःच्या नावावर, आधारला जोडलेलं असू द्या.

बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की लगेच उठू नका. दहा मिनिटं एकमेकींचे कागद बघा. जिला वाचता येतं तिनं वाचून दाखवावं, जिला वेळ आहे तिनं कचेरीत सोबत जावं. मावशींच्या चौथ्या खेपेला मी गेले होते. काम त्या दिवशीही झालं नाही. पण साहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, आणि काय कमी आहे ते पहिल्यांदाच कागदावर लिहून दिलं.