पदार्णवाचा कर्ता : दासोपंतांच्या मूल्यमापनातील एक उणीव

मराठी वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांतून दासोपंतांचा (1551–1615) परिचय बहुधा दोन आश्चर्यांच्या आधारे करून दिला जातो. पहिले आश्चर्य ‘गीतार्णवा’च्या विस्ताराचे, परंपरा त्याची ओवीसंख्या सव्वा लाख सांगते. दुसरे अंबाजोगाईच्या पासोडीचे. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद अशा जाड्याभरड्या कापडावर लिहिलेला ‘पंचीकरण’ हा वेदान्तविषयक ग्रंथ पाहण्यास अभ्यासक आवर्जून जातात आणि विस्मित होऊन परततात. हा विस्मय स्वाभाविक आहे. परंतु विस्मयाने वाचनाची जागा घेतली की कवी बाजूला पडतो. दासोपंतांच्या बाबतीत नेमके असेच घडले आहे. त्यांच्या व्यक्तित्वाचे जे अंग सर्वांत कमी चर्चिले गेले, ते गायनाशी निगडित असलेल्या पदकर्त्याचे होय.

चरित्राचा तपशील येथे थोडक्यातच पाहावयाचा आहे. बीदर परिसरातील नारायणपेठच्या देशपांडे घराण्यात जन्म, बरीदशाही अमलात सारा थकल्यामुळे ओलीस राहण्याचा प्रसंग, ‘दत्ताजी पाडेवारा’च्या रूपाने प्रत्यक्ष दत्तात्रेयाने रक्कम भरून केलेली सुटका, मग गृहत्याग, मातापूर (माहूर) येथील साधना, गोदातीरीचे राक्षसभुवन आणि अखेरीस अंबाजोगाई, असा क्रम परंपरेने सांगितला आहे. सुटकेची कथा मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या कथेशी इतकी मिळतीजुळती आहे, आणि दोहोंतील दरबारही बीदरचाच, की तिला इतिहास म्हणून स्वीकारताना संकोच वाटावा. मात्र वतनदार घराण्यातील, राज्यकारभाराशी परिचित असा हा मनुष्य कन्नड, तेलुगू आणि मराठी या भाषांच्या सीमेवर वाढला, एवढे त्या कथेवरूनही स्पष्ट होते. आणि वाङ्मयीन दृष्टीने तेच महत्त्वाचे आहे.

‘गीतार्णव’ कंटाळवाणा आहे, हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. एका श्लोकावर शेकडो ओव्या खर्ची घालणारा भाष्यकार वाचकाच्या सहनशक्तीची परीक्षा पाहतो. तथापि मराठीच्या सामर्थ्याविषयीचे त्यातील विवेचन कोणाही अभ्यासकाने चुकवू नये. संस्कृतात ‘घट’ म्हणून जे एका शब्दात आटोपते, त्यासाठी मराठीत आकारागणिक आणि उपयोगागणिक निराळे नाव आहे, हे ते डेरा, रांजण अशी घरगुती मातीची भांडी पुढे मांडून दाखवितात. ज्ञानेश्वरांचा मराठीविषयीचा अभिमान माधुर्याचा होता; दासोपंतांचा अभिमान शब्दसंपत्तीच्या मोजदादीचा आहे.

आता ‘पदार्णवा’कडे वळू. याही ग्रंथाला परंपरेने सव्वा लाखाचीच संख्या बहाल केली आहे. उपलब्ध पदे त्या मानाने फारच थोडी आहेत. ही पदे रागनिर्देशांसह लिहिलेली आहेत आणि मराठीखेरीज अन्य भाषांतही दासोपंतांनी रचना केली आहे. हे दोन्ही विशेष एकाकी नाहीत. कन्नडमध्ये पुरंदरदासांची पदे याच शतकात गायिली जात होती. विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा (राज्यकाल 1580–1627) आपल्या ‘किताब-ए-नवरस’ या ग्रंथातील दखनी गीते रागवारीने लावीत होता. दत्तोपासक संन्यस्त कवी आणि संगीतवेडा सुलतान यांची भेट झाली असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. तशी आवश्यकताही नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनच्या पठारावर शब्द आणि राग यांचा संसार एकत्र चालला होता, आणि अंबाजोगाई त्यापासून दूर नव्हती, एवढेच दाखवावयाचे आहे.

आपल्या महाविद्यालयीन अध्यापनात मात्र पद आणि अभंग यांना एकच माप लावले जाते. अभंगाचा भर चरणांतून पुढे सरकणाऱ्या आशयावर असतो. पद ध्रुपदाकडे पुनःपुन्हा परतते आणि प्रत्येक परतीत त्याच शब्दांना गायक नवे वजन देतो. छापील पानावर हा परतावा पुनरुक्तीसारखा दिसतो. दासोपंतांच्या पदांवर ‘तोचतोपणा’चा शिक्का मारणाऱ्यांनी हा दोष पदाचा की ते मुक्याने वाचणाऱ्याचा, याचा विचार केलेला दिसत नाही. एकाच दत्तमूर्तीचे ध्यान वेगवेगळ्या रागांत आले, तर गाणाऱ्याच्या लेखी त्या वेगवेगळ्या रचना असतात. रागाचे नाव गाळून त्या एकाखाली एक छापल्या की त्यांतील वेगळेपणा संपादकाच्या हातूनच पुसला जातो.

अर्थात उत्साहाच्या भरात विरुद्ध टोक गाठणेही अनुचित ठरेल. रागाचे नाव तेच राहिले तरी चारशे वर्षांत त्याचे रूप तेच राहिले असे मानता येत नाही. शिवाय हस्तलिखितातील निर्देश कवीचा, शिष्याचा की नंतरच्या लेखकूचा, हे प्रत्येक ठिकाणी तपासावे लागते. आजच्या रागात चाल लावून ‘हेच दासोपंतांचे संगीत’ असे सांगणे मैफलीत खपेल; संशोधनात नाही. स्वरलेखनाच्या अभावी मूळ चाल हाती येणार नाही, हे मान्य करूनच कामास लागले पाहिजे.

हे काम वाङ्मयाच्या एकट्या अभ्यासकाचे नव्हे. 1948 पर्यंत हा प्रदेश निजामी अमलात होता आणि येथील हस्तलिखितांच्या अभ्यासाला संस्थात्मक पाठबळ उशिरा लाभले; विद्यापीठ 1958 साली आले. त्यानंतर मात्र ही सबब पुरत नाही. अंबाजोगाईच्या थोरल्या आणि धाकट्या देवघराच्या परंपरेतील बाडे, त्यांतील रागनामांची तौलनिक सूची, पाठभेद आणि उपासनेत गायिल्या जाणाऱ्या पदांचे ध्वनिमुद्रण ही चारही कामे मराठी विभाग आणि संगीत विभाग यांनी एकत्र बसून करण्याजोगी आहेत. पीएच.डी.साठी ‘एक अभ्यास’ या साच्यातील विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याला यांतील केवळ रागनामांची सूची दिली, तरी तिला तीन-चार वर्षे सहज पुरतील. त्यातही ध्वनिमुद्रणाला अग्रक्रम द्यावा लागेल. बाडे आणखी काही वर्षे टिकतील, कंठ तितके टिकत नाहीत.