‘पिंजरा’, ‘कुंकू’ आणि पवळा : पडद्यावरील स्त्रीला न्याय कोणाच्या घरावरून मिळाला?

१/ पाटण तालुक्यात यात्रांचा हंगाम आला, की तमाशाच्या फडाबरोबर ‘पिंजरा’ची गाणीही कानी पडतात. हा चित्रपट मलाही प्रिय आहे. तरीही त्याविषयी एक आक्षेप नोंदवणे मला आवश्यक वाटते. #थ्रेड

२/ व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ १९७२ चा. त्यातील मास्तर साकारणारे डॉ. श्रीराम लागू जन्माने सातारचे. कथेचे मूळ मात्र जर्मनीत आहे. १९३० चा ‘द ब्लू एंजल’ हा चित्रपट हाइनरिश मान यांच्या १९०५ च्या कादंबरीवर आधारलेला होता. सूत्र एकच : आदर्श शिक्षक, नाचणारी स्त्री आणि शिक्षकाचा अधःपात.

३/ फरक मात्र बोलका आहे. मार्लेन डिट्रिचची लोला-लोला शेवटपर्यंत पश्चात्ताप करीत नाही. प्रोफेसर संपतो आणि ती गातच राहते. आपली चंद्रकला सूडाने पेटून येते आणि अखेरीस मास्तरांच्या पायी समर्पित होते. समर्पणावाचून तिला प्रेक्षकांची सहानुभूती लाभत नाही.

४/ यावर ठरलेले उत्तर येते : “तो काळच तसा होता.” हे उत्तर मला मान्य नाही. कारण याच दिग्दर्शकाने त्यापूर्वी ३५ वर्षे, १९३७ मध्ये, ‘प्रभात’साठी ‘कुंकू’ काढला होता.

५/ ‘कुंकू’चा आधार होता ना. ह. आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी. आपटे आमच्याच सातारा जिल्ह्यातील कोरेगावी राहिलेले लेखक. फसवून वृद्ध विधुराशी लग्न लावून दिलेली नीरा (शांता आपटे) त्याला पती मानण्यास ठाम नकार देते. शेवटी बदलावे लागते ते त्या वृद्धाला, नीरेला नव्हे.

६/ मग १९३७ मध्ये सुचलेला न्याय १९७२ मध्ये का सुचला नाही? माझ्या मते प्रश्न काळाचा नसून घराचा आहे. नीरा पांढरपेशा घरातील. तिच्या शीलाविषयी प्रेक्षकाला शंका नाही, म्हणून तिचा नकार तत्त्व ठरतो. चंद्रकला फडावरची, म्हणून तिची इच्छा हाच सापळा ठरतो.

७/ प्रत्यक्ष इतिहास काय सांगतो? पठ्ठे बापूराव म्हणजे वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण घरातील हा माणूस कुलकर्णीपण सोडून तमाशात गेला. त्यांच्या फडाची कीर्ती वाढवली ती महार समाजातील पवळाने.

८/ जातीने बापूरावांना दूर लोटले, हे खरे. पण पवळाने त्यांना ‘बिघडवले’ असे म्हणणे म्हणजे दोघांच्याही कर्तृत्वाचा अपमान होय. त्यांची लेखणी आणि तिचा गळा, तिची अदा यांच्या संगमातून मराठी रंगभूमीचा एक मोठा कालखंड उभा राहिला.

९/ पडद्यावरील प्रतिमा निरुपद्रवी नसते. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा ‘अश्लीलता’ हाच मुद्दा पुढे होता आणि पोट जळाले ते फडातील कलावंतांचे. ‘नाचणारी म्हणजे बिघडवणारी’ ही समजूत जर्मनीतून आयात करावी लागली नाही. ती येथे रुजलेलीच होती. जर्मन कथा आपली वाटली ती त्यामुळेच.

१०/ ‘पिंजरा’ पाहू नका, असे मी म्हणणार नाही. गावाच्या ढोंगी आदर्शपूजेवर त्याने ओढलेले आसूड आजही झोंबतात. मात्र पुढच्या वेळी तो पाहताना मास्तरांबरोबर चंद्रकलेकडेही पाहा, आणि स्वतःला विचारा : ही स्त्री नीरेच्या घरात जन्मली असती, तर कथेचा शेवट हाच झाला असता काय?