वासरांचा खेळ व आपलें दावें

वासरूं सुटलें कीं शेपूट उभारून उधळतें, सोबत्यास टक्कर देतें, आणि आपण ‘आवरा, आवरा’ म्हणून धांवतों. हा खेळ म्हणजे निव्वळ मस्ती, असा आपला समज आहे. तो चुकीचा आहे, असें माझें स्पष्ट मत झालें आहे.

महसूल खात्यांतील कारकुनी संपवून मी शेती पाहूं लागलों, तेव्हां एक गोऱ्हा दोन वर्षें गोठ्याच्या कोपऱ्यांत एकटाच बांधून वाढविला. चारापाण्यांत कसूर नव्हती. अंगानें तो भरला. परंतु जोखडाखालीं घेतांच जोडीच्या बैलासच बुजूं लागला. शेवटीं पडत्या किंमतीस विकावा लागला. मी त्याच्या जातीस दोष दिला. आतां माझ्या दाव्याचाच अधिक संशय येतो.

कॅनडांतील लेथब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनीं सन २०१० मध्यें दाखविलें कीं, उंदरांच्या पिलांस समवयस्कांशीं झोंबाझोंबी करूं दिल्यास मेंदूच्या पुढील भागांतील कांहीं मज्जापेशींच्या शाखा, द्राक्षवेलीच्या छाटणीप्रमाणें, कमी होऊन नीटस होतात. प्रसंग पाहून वर्तन बदलणें याच भागाचें काम होय.

उंदराचा न्याय वासरास कसा लावावा, असें कोणी विचारील. तर ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा सन २०१४ चा प्रयोग पाहावा. रंग ओळखून दूध मिळविण्यास एकटीं व जोडीनें वाढलेलीं वासरें सारखींच शिकलीं. मग रंगांची अदलाबदल केली, तेव्हां जोडीचीं सांवरलीं, एकटीं मागें पडलीं. हा परिणाम एकट्या खेळाचा नसून एकंदर सोबतीचा आहे. तथापि सोबतीवांचून असा खेळ कोठून?

युरोपीय संघाच्या सन २००८ च्या निर्देशानें सहा अगर अधिक वासरें असलेल्या ठिकाणीं आठ आठवड्यांवरील वासरूं, पशुवैद्याच्या सांगण्याखेरीज, एकटें कोंडण्यास मनाई आहे.

एकत्र ठेविल्यानें हगवण पसरते व वासरें एकमेकांस चोखतात, ही तक्रार खोटी नाहीं. म्हणून आजारी वासरूं वेगळें बांधावें व दूध पाजल्यावर थोडा वेळ चाऱ्यास लावावें. परंतु निरोगी, समवयस्क अशीं दोन वासरें कुंपणाच्या आंत सकाळसायंकाळ तासभर मोकळीं सोडण्यास पैसा लागत नाहीं. केवळ दावें सोडण्याची बुद्धि लागते. ती माझ्या शेतकरी बांधवांस माझ्याहून लवकर होवो.