आकाशातले 680 आणि रस्त्यावरचे साठ

नागपूर ते मुंबई हवाई अंतर साधारण 680 किलोमीटर. वेळापत्रकात मात्र दीड तास किंवा त्याहून जास्तच लिहिलेला असतो, कारण धावपट्टीपर्यंतचं रांगणं आणि मुंबईवरच्या घिरट्याही त्यातच मोजलेल्या असतात. आता हाच हिशेब मध्य प्रदेशाच्या सौंसर तालुक्यातल्या बोरगावहून मांडा. नागपूरचा सोनेगाव विमानतळ इथून साठेक किलोमीटर: राज्याची सीमा, मग सावनेर, मग नागपूरची गर्दी. वर तिथं दीड-दोन तास आधी हजर राहायचं. म्हणजे विमान सुटायच्या साडेतीन तास आधी बॅग दारात हवी, आणि आई म्हणणार चार! गंमत अशी की हेच सोनेगाव 1949 पासून देशाच्या रात्रीच्या हवाई टपालाचं ठाणं होतं. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री इथं गोळा व्हायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि आपापल्या वाटेनं परतायची. पत्रांना कुणी दोन तास आधी बोलावत नसे. लांब पल्ला तर आणखी लबाड. मुंबई-लंडन सुमारे 7,200 किलोमीटर. जाताना नऊ तासांच्या वर, येताना बहुधा त्याहून कमी, कारण उंचावरचा पश्चिमवारा विमानाला मागून रेटतो. वाऱ्यानं वाचवलेला तो वेळ मुंबईत नागपूरच्या विमानाची वाट पाहण्यात जातो, आणि सकाळी देशात उतरलेला मुलगा बोरगावच्या फाट्यावर येईस्तोवर दिवेलागण झालेली असते.