बाळाची थायरॉइड जागेवर आहे का?

थायरॉइड म्हटले की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात: वाढलेले वजन आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी. हा बायकांचा, चाळिशीनंतरचा आजार, असा समज पक्का आहे. पण काही बाळे जन्मालाच थायरॉइड ग्रंथीशिवाय येतात. काहींची ग्रंथी अर्धवट वाढलेली असते, तर काहींची भलत्याच जागी अडकलेली असते, हे फार थोड्यांना माहीत असते.

गर्भ साधारण चार आठवड्यांचा असताना जिभेच्या मुळाशी पेशींचा एक लहानसा पुंजका तयार होतो. तीच पुढे होणारी थायरॉइड. तिथून ती गळ्यात खाली उतरत जाते आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास श्वासनलिकेसमोर आपल्या ठरलेल्या जागी पोहोचते. या प्रवासात गडबड झाली, की ग्रंथी जिभेच्या मुळाशीच राहते किंवा अर्ध्या वाटेत थांबते. कधी तयारच होत नाही. कधी एकच बाजू तयार होते, बहुधा डावी नसते. उतरण्याची वाट बुजली नाही, तर पुढे गळ्याच्या मध्यावर पाण्याची गाठ येते. जीभ बाहेर काढली की ही गाठ वर सरकते.

यातला एकेक दोष दुर्मीळ आहे. पण सगळ्यांचा मिळून होणारा परिणाम, म्हणजे जन्मजात थायरॉइडची कमतरता, तेवढा दुर्मीळ नाही. मुंबईच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात डॉ. मीना देसाई आणि सहकाऱ्यांनी १२ हजारांहून अधिक नवजात बाळे तपासली. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे अडीच हजारांत एक बाळ सापडले. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह अनेक केंद्रांवर एक लाखावर बाळे तपासली, तेव्हा हे प्रमाण ११३० मध्ये एक इतके निघाले. यात ग्रंथी जागेवर असूनही संप्रेरक न बनवणारी बाळेही आली.

आता आपल्या जिल्ह्याचा ढोबळ हिशेब मांडू. २०११ च्या जनगणनेत बुलढाण्याची लोकसंख्या पंचवीस लाख शहाऐंशी हजार होती. जन्मदर हजारी पंधरा धरला तर वर्षाला अडतीस-एकोणचाळीस हजार बाळे होतात. म्हणजे दरवर्षी पंधरा ते पस्तीस लेकरांना हा आजार असू शकतो. दहा वर्षांत एका मोठ्या शाळेचा पट भरेल.

अडचण अशी की, जन्मतः हे बाळ दिसायला धडधाकट असते. आईचे संप्रेरक वारेतून त्याला थोडेफार मिळालेले असते. पुढच्या काही आठवड्यांत खुणा दिसू लागतात. कावीळ लांबते, शौचाला घट्ट होते, अंग कोरडे पडते, बेंबी फुगते, जीभ मोठी वाटते, आवाज घोगरा येतो. बाळ दूध पिता पिता झोपी जाते, रडत नाही. घरचे कौतुकाने म्हणतात, "लेकरू लय गरीब आहे, काही त्रासच देत नाही." त्या गरीबपणाची शंका कुणालाच येत नाही. मूल बसत नाही, बोलत नाही म्हणून दवाखान्यात आणले जाते, तेव्हा वर्ष-दोन वर्षे गेलेली असतात. मेंदूची सर्वांत वेगवान वाढ याच काळात होते. त्यानंतर गोळीने उंची वाढेल, चेहरा खुलेल. गेलेली बुद्धी मात्र पूर्णपणे परत येत नाही.

हेच निदान पहिल्या दोन आठवड्यांत झाले, तर मूल इतरांसारखेच वाढते, शिकते. उपचार म्हणजे लेव्होथायरॉक्सिनची छोटी गोळी. बाळाच्या वजनाप्रमाणे डोस ठरतो. गोळी चुरून चमचाभर आईच्या दुधात द्यायची. लोह किंवा कॅल्शियमचे औषध त्याच वेळी द्यायचे नाही. खर्च दिवसाला एका चहाहूनही कमी. मतिमंदत्व टाळण्याचा इतका स्वस्त उपाय वैद्यकशास्त्रात क्वचितच सापडेल.

मग ही तपासणी सर्वत्र का होत नाही? कॅनडातील क्वेबेकमध्ये ती १९७० च्या दशकातच सुरू झाली. गोव्याने २००८ साली नवजात तपासणी हाती घेतली. केरळच्या सरकारी रुग्णालयांतही ती होते. आपल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून या आजाराचे नाव आहे, पण ऐच्छिक यादीत. माझ्या मते हा 'ऐच्छिक' शब्दच काढून टाकायला हवा.

सहकारी विचारतात, रक्त घेणे सोपे आहे, पुढचे कोण पाहणार? प्रश्न रास्त आहे. टाचेतून रक्त घ्यायचे तर दोन-तीन दिवस थांबावे लागते आणि तोवर बाळंतीण घरी जायची घाई करते. यावर उपाय आहे: प्रसूतीच्या वेळी नाळेतले रक्त घ्यावे. दुसरी अडचण पत्त्याची. पहिले बाळंतपण माहेरी. नोंद मेहकरची, मुक्काम जालन्याला. म्हणून सासर आणि माहेर, दोन्हीकडचे फोन नंबर कागदावर हवेत. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी जातातच. अहवाल चौदाव्या दिवसाआधी त्यांच्या हाती पडला पाहिजे. दोषी अहवालाचा पाठपुरावा करणारी एक जबाबदार व्यक्ती जिल्ह्यात हवी आणि गोळ्या ग्रामीण रुग्णालयातच मिळाल्या पाहिजेत. एवढे नसेल, तर घेतलेला थेंब वाया जाईल.

काही लोक मिठाचा मुद्दा काढतात. आयोडीनयुक्त मीठ आवश्यकच आहे. त्याने गलगंड कमी झाला. पण जी ग्रंथी तयारच झाली नाही, तिला आयोडीन देऊन काय होणार?

थोरांसाठीही एक सूचना. जिभेच्या मुळाशी किंवा गळ्याच्या मध्यावर गाठ असेल, तर ती काढण्यापूर्वी सोनोग्राफीत थायरॉइड जागेवर आहे का, ते पाहायलाच हवे. जिभेवरची ती गाठ हीच अनेकदा रुग्णाची एकमेव थायरॉइड असते. ती काढली की जन्मभराची गोळी मागे लागते. याउलट एकच बाजू असल्याचे सोनोग्राफीत अचानक कळले आणि रक्ततपासणी ठीक असली, तर घाबरण्याचे कारण नाही.

२०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस गळू लागले, तेव्हा दिल्लीपर्यंत धावपळ झाली, पथके आली. ते योग्यच झाले. पण केस गळलेले डोळ्यांना दिसतात. न रडणाऱ्या बाळाचा मेंदू मागे पडताना कुणाला दिसत नाही. तोवर सरकारी आदेशाची वाट पाहू नका. घरात बाळंतपण असेल, तर डॉक्टरांना एवढेच विचारा: "बाळाची टीएसएच तपासणी झाली का?" आणि अहवाल हाती येईपर्यंत विचारत राहा.