विळी गेली, वय आलं

पूर्वी बाळ दुभंगलेला ओठ घेऊन जन्माला आलं की घरात एकच प्रश्न असायचा: ग्रहणात हिने विळी हातात घेतली होती का? आता ग्रहण फारसं कोणी पाळत नाही (सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतात, तेवढंच). आता सुशिक्षित घरात कुजबुज होते, "करिअरच्या नादात उशीर केला ना तिने!" प्रश्न बदलला, आरोपी तीच. आणि हा दुसरा प्रश्न म्हणे सायंटिफिक!

तर मंडळी, सायन्सच बघू.

डेन्मार्कमध्ये जन्माच्या नोंदी चोख असतात. १९७३ ते १९९६ या काळात तिथे जन्मलेल्या सुमारे १५ लाख बाळांचा अभ्यास २००५ साली छापून आला. दुभंगलेल्या ओठाचा धोका आईच्या वाढत्या वयाशी जोडलेला निघाला, आणि बापाच्याही. नुसती टाळू दुभंगलेली असेल तर मात्र गंमत आहे. दोघांची वयं एकत्र मांडल्यावर आईच्या वयाचा परिणाम गायब झाला, बापाच्या वयाचा राहिला. इतर काही अभ्यासांत चाळिशीपुढच्या आयांचा धोकाही वाढलेला दिसतो, तेव्हा हा काही शेवटचा शब्द नव्हे. पण "बाईचंच वय" म्हणायला आधार कुठे आहे?

बापाचं वय मध्ये येतं कसं, हे आपल्या लायनीतल्या लोकांना लगेच कळावं. बाईची बीजं ती स्वतः जन्मायच्या आधीच तयार झालेली असतात. वाढत्या वयात तिथे मुख्य घोळ होतो तो गुणसूत्रांच्या संख्येचा. डाउन सिंड्रोम त्यातला. पुरुषाचं काम वेगळं. त्याच्याकडे वयात आल्यापासून कॉपी-पेस्ट अखंड चालू, आणि प्रत्येक कॉपीत चूक व्हायची शक्यता. २०१२ साली आइसलंडमधल्या कुटुंबांवर झालेल्या अभ्यासात बापाच्या वयाच्या दर वर्षामागे बाळात साधारण दोन नवे जनुकीय बदल वाढताना दिसले. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात, आणि ओठ-टाळू दुभंगण्याचं कारण हेच, असं सिद्ध झालेलं नाही. पण 'पुरुषाचं काय, तो साठीतही बाप होतो' ही फुशारकी मारण्याआधी एवढं तरी माहीत असावं.

आणि लग्नाच्या बाजारात काय चालतं? मुलगी २९ची म्हणजे "वय जरा जास्तच वाटतंय हो". मुलगा ३६चा म्हणजे सेटल्ड. फ्लॅट, गाडी, ऑनसाइट, सगळं झालेलं. त्याच्या वयाचा हिशोब कोणी मागत नाही.

बरं, आता वयाचा बागुलबुवा दोघांसाठीही करू नका. जगात साधारण ७०० जन्मांमागे एक बाळ असं जन्मतं, म्हणजे १०,०००मध्ये १४. समजा वयाने धोका दीडपट झाला, तर २१. उरलेली ९,९७९ बाळं? "दीडपट" ऐकून घाबरायचं आणि कशाच्या दीडपट ते विचारायचं नाही, हे इंजिनियर लोकांनी तरी करू नये.

वय मागे नेता येत नाही, पण बाकी बरंच हातात असतं. ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू सहाव्या ते नवव्या. म्हणजे गोड बातमी सासरी पोचेपर्यंत निम्मं काम उरकलेलं असतं! आईचं धूम्रपान, गरोदरपणाआधीपासूनचा मधुमेह, फिटची काही औषधं, यांनी धोका वाढतो. त्यामुळे डॉक्टरांशी बोलायचं ते मूल हवं असं ठरवतानाच. (औषधं मनानेच बंद करायची नाहीत.) आणि नवरोबांनी घरात सिगरेट ओढून बायकोच्या वयावर चर्चा करू नये.

एवढं करूनही बाळ तसं जन्मलंच, तर कोण चुकलं यावर बैठक भरवण्यात दिवस घालवू नका. पहिली काळजी दुधाची: टाळू दुभंगलेली असेल तर बाळाला नीट ओढता येत नाही, वेगळी बाटली लागते. ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांत होतं, टाळूचं बहुधा दीड वर्षाच्या आत, म्हणजे बोलणं नीट यायला मदत होते. पुढे स्पीच थेरपी, दात, कान हे सगळं बघावं लागतं. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा दोष २०१३पासून आहे, आणि स्माइल ट्रेनसारख्या संस्था भागीदार हॉस्पिटलांमधून मोफत ऑपरेशन करतात. घरातल्या मोठ्यांना फारच उत्साह असेल, तर फोन तिथे लावावा.